नाण्यावरचा डाग: काढावा की ठेवावा?

दिवाळीच्या आधी पेडणे आणि डिचोली तालुक्यांतल्या जुन्या घरांत लक्ष्मीपूजनाचे डबे कपाटातून बाहेर येतात. त्यात पोर्तुगालचा राजा लुईश पहिला याचा १८८१ किंवा १८८२ सालचा चांदीचा रुपया असतो, व्हिक्टोरिया राणीचा नाहीतर पाचव्या जॉर्जचा रुपया असतो, तांब्याचे तांगे असतात, १९५८-५९ चे एस्कुद असतात. एखाद्या घरात शिवराईही निघते. हा भाग पोर्तुगिजांकडे उशिरा गेला, डिचोली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये. त्याआधी इथे सावंतवाडीकर भोसल्यांचा अंमल होता. त्यामुळे पणजी-मडगावच्या डब्यांपेक्षा इथल्या डब्यांत सरमिसळ अधिक. पूजेआधी ही नाणी उजळायची, हा घरोघरचा रिवाज. चिंच, बिंबलं, राख, रांगोळी, जे हाताशी असेल ते. आणि दर दिवाळीत त्या नाण्यांवरचा थोडा इतिहास मोरीतून वाहून जातो.

पुढच्या संवादातले शेट डिचोलीच्या बाजारात पिढीजात सोनारकाम करतात. मास्तर पेडण्याचे, शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, नाण्यांचे जुने संग्राहक. या दोन्ही बाजू मी गोव्यात वेगवेगळ्या तोंडांतून पुष्कळ वेळा ऐकल्या आहेत. इथे त्या दोन माणसांच्या तोंडी घातल्या आहेत. मी मधूनमधून बोलणार आहे, कारण या वादात मला बाजू आहे.

शेट: मास्तर, हा रुपया बघा. मयेच्या एका गिऱ्हाइकाने उजळायला दिलाय. पूजेला हवाय. म्हटलं, हात लावण्याआधी तुम्हाला दाखवावा.

मास्तर: आधी कडेला धरा. अंगठा राजाच्या गालावरून काढा.

शेट: अहो, जन्म गेला माझा चांदी हाताळण्यात.

मास्तर: दागिन्याला तुम्ही शेवटी पॉलिश करता, त्यामुळे बोटाचा ठसा राहत नाही. नाण्याला तसं करता येत नाही. घामात मीठ असतं, तेलकट आम्लं असतात. आज नजरेला न दिसणारा अंगठा पुढच्या पावसाळ्यानंतर तपकिरी होऊन वर येतो. तोवर त्या रेषा धातूत उतरलेल्या असतात. मग काहीही लावा, जात नाहीत.

शेट: बरं, धरला कडेला. आता सांगा, हा काळा पडलेला रुपया देवासमोर ठेवायचा कसा? मी काय करीन, तापवीन, पातळ तेजाबात सोडीन, पितळी ब्रशने रिठ्याच्या पाण्यात घासीन. दहा मिनिटांत पांढराशुभ्र.

मास्तर: तुमच्या काट्यावर ठेवा बघू तो.

शेट: ठेवला. अकरा ग्रॅम बेचाळीस.

मास्तर: आणि असायला किती हवा?

शेट: तोळाभर. अकरा सहासष्ट. दोन गुंजा कमी भरतोय.

मास्तरांनी काट्याचा आधार घेतला, कारण शेट काट्याचा शब्द मानतात. १८७८ मध्ये पोर्तुगाल आणि ब्रिटन यांच्यात करार झाला आणि त्यानंतर गोव्याचा रुपया ब्रिटिश हिंदुस्थानातल्या टांकसाळीत, त्यांच्याच वजनाचा आणि कसाचा पाडला जाऊ लागला: एक तोळा, शंभरात ९१.७ भाग चांदी, एका रुपयाचे सोळा तांगे. वजन ठरलेले असल्यामुळे आज कमी भरलेली प्रत्येक गुंज कुठेतरी गेलेली आहे. काही लोकांच्या खिशात, व्यवहारात झिजली. तो नाण्याचा संसार आहे, त्याची तक्रार नाही. पण काही गुंज राखेने, रांगोळीने आणि सोनाराच्या ब्रशने नेली. डब्यात गेल्यापासून हा रुपया बाजारात फिरलेलाच नाही, तरी तो दर वर्षी झिजत आला.

शेट: दोन गुंजा चांदीची आज किंमत ती किती!

मास्तर: चांदीची नाही विचारत. भिंग लावा आणि राजाच्या केसांवर बघा. बटा दिसतात?

शेट: कानामागे दिसतात. वर सपाट झालंय.

मास्तर: आता कडेच्या आत, अक्षरांच्या मधे बघा. तिथे ब्रश पोचलेला नाही.

शेट: इथे वेगळंच चमकतंय. नाणं फिरवलं की प्रकाशही गोल फिरतो.

मास्तर: ती टांकसाळीची झळाळी. ठसा आदळतो तेव्हा धातू मधून कडेकडे ढकलला जातो, त्याच्या अतिशय बारीक रेषा पृष्ठभागावर उमटतात. प्रकाश त्या रेषांवर फिरतो. तेजाबात सोडलं की सगळ्यांत आधी त्या रेषांचे माथे विरघळतात. मग नाणं पांढरं होतं, चमकतंही, पण ती चमक स्थिर असते. जाणकार माणूस दुरून ओळखतो की हे धुतलंय. नाण्यांची प्रत ठरवणाऱ्या एनजीसी, पीसीजीएस अशा संस्था असल्या नाण्याला अंकात प्रत देतच नाहीत. ‘डिटेल्स’ एवढं लिहून सोडून देतात.

शेट: म्हणजे शेवटी बाजारभावच आला. माझ्या गिऱ्हाइकाला विकायचा नाही हा रुपया. पुजायचा आहे. अमेरिकेतली संस्था काय प्रत देते याच्याशी त्या घराचा संबंध काय?

इथे मला शेटांची बाजू घ्यावीशी वाटते. संग्राहकांची भाषा फार लवकर किमतीकडे वळते आणि पुजणाऱ्या माणसाला ती परकी वाटते. मास्तरांनी खरे तर सांगायला हवे होते की त्या घरातल्या पणजीने जो रुपया पुजला, तोच नातवंडांना दिसायला हवा असेल, तर त्याचा चेहरा टिकायला हवा. किमतीचा मुद्दा त्यानंतरचा.

मास्तर: ठीक आहे, किंमत बाजूला ठेवू. या रुपयावर डाग किती प्रकारचे आहेत ते आधी मोजू. राजाच्या मानेमागे लाल-पिवळा थर दिसतोय तो हळदकुंकू आणि समईचं तेल. वर्षानुवर्षं साचून घट्ट झालंय. हनुवटीखाली निळसर काळं आहे ते चांदीचं गंधकाशी झालेलं संयुग, सिल्व्हर सल्फाइड. आणि कडेला हा हिरवा ठिपका. इथे कधीतरी गळ्यात घालायला कडी जोडलेली होती ना?

शेट: होती. डाक दिलेला दिसतोय. नंतर कापून काढलीय.

मास्तर: म्हणजे हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत आणि तुमचं तेजाब तिघांनाही एकच उत्तर देतं. हळदकुंकू आणि तेल बाहेरून आलंय, धातूशी त्याचं काही झालेलं नाही. ते काढायला माझी ना नाही. काळेपणा ही नाण्याची स्वतःची चांदी आहे, रूप बदललेली. ती काढली की चांदीच जाते. हिरव्याचं नंतर बघू.

शेट: मग हळदकुंकू कसं काढणार? साबणाने?

मास्तर: शुद्ध अ‍ॅसिटोन. प्रयोगशाळेला रसायनं पुरवणाऱ्या दुकानात मिळतो. नेलपॉलिश काढायची बाटली चालत नाही, तिच्यात तेल, रंग, सुगंध काय काय असतं. काचेच्या वाटीत नाणं बुडेल इतका ओतायचा, वर काचेचं झाकण. प्लॅस्टिकची वाटी घेतली तर ती विरघळून नाण्यावरच बसायची. खिडक्या उघड्या, आणि समई, अगरबत्ती, गॅस यांतलं काहीही जवळ नको. अ‍ॅसिटोनची वाफ थंडीतसुद्धा पेटते.

शेट: आणि घासायचं?

मास्तर: मुळीच नाही. बघा, वाटी पिवळी होत चालली. हळदीचा रंग अ‍ॅसिटोनमध्ये उतरतो. तो पिवळा झाला की टाकायचा आणि नवा अ‍ॅसिटोन घ्यायचा. शेवटची खळबळ अगदी स्वच्छ अ‍ॅसिटोनची, नाहीतर विरघळलेलं तेल वाळताना पातळ थर होऊन परत बसतं. मग मऊ कापडावर ठेवून टिपायचं. अ‍ॅसिटोन चांदीला, सोन्याला काही करत नाही. त्यामुळे काळेपणा जिथल्या तिथे राहतो.

शेट: कुंकवाचे कण राहिलेत अजून.

मास्तर: ते चुन्याचे, खनिज कण. अ‍ॅसिटोनमध्ये जाणार नाहीत. डिस्टिल्ड पाण्यात काही तास ठेवू. विहिरीचं पाणी नको, आमच्या मांद्रे-हरमलच्या पट्ट्यात त्याला खारेपणा असतो. नळाच्या पाण्यात क्लोरीन. बॅटरीत घालायचं पाणी चालेल, फक्त दुकानदाराने चुकून अ‍ॅसिडची बाटली दिली नाही ना ते वाचून घ्या. मऊ झाल्यावर बांबूच्या टोकदार काडीने, भिंगाखाली, एकेक कण उचलायचा. हे काम माझ्यापेक्षा तुम्हाला चांगलं जमेल.

शेट: आणि काळेपणा ठेवायचाच? पूजेत काळा रुपया?

मास्तर: ठेवा असं मी म्हणेन. तो थर चांदीला एक प्रकारे झाकूनही ठेवतो. आणि तो आला कुठून ते शोधा. डब्यात रबरबँड आहे? लोकरीचा तुकडा? नाणी वर्तमानपत्रात गुंडाळली आहेत? या सगळ्यांतून गंधकाची संयुगं सुटतात. ती काढून टाका, पुढचा काळेपणा निम्म्याने तरी थांबेल.

शेट: हल्ली लोक अ‍ॅल्युमिनियमचा कागद, खाण्याचा सोडा आणि गरम पाणी करतात. म्हणे चांदी जात नाही, काळ्याची परत चांदी होते.

मास्तर: रसायन बरोबर आहे. अ‍ॅल्युमिनियम स्वतः खर्ची पडतं आणि सल्फाइडची चांदी होते. पण ती चांदी मूळ जागी, मूळ रेषांत बसत नाही. वर निस्तेज, भुरभुरीत बसते. ताटवाटीला उत्तम, नाण्याला नको. बाटलीतल्या ‘डिप’चंही तेच. त्यात आम्ल आणि थायोयुरिया असतं, दर बुडीला एक पापुद्रा जातो.

चांदीचा विषय इथे थांबवतो. चांदी सोशिक असते. गोव्यात खरे नुकसान तांब्याचे होते, आणि ते आपल्याच स्वयंपाकघरातून होते.

शेट: हे आणखी बघा. त्याच घरातले तांबे. हा १९०१ चा पाव तांगा, हा १९४७ चा तांगा, आणि ही शिवराई. घरच्या बाईने स्वतःच घासलेत गेल्या वर्षी. कसे गुलाबी लखलखीत झाले होते म्हणे. आता परत हिरवे ठिपके आलेत, आधीपेक्षा जास्त.

मास्तर: कशाने घासले?

शेट: बिंबलं आणि मीठ. आपल्याकडे तांब्याची घागर घासतात तसंच.

मास्तर: मीठच नडलं. बिंबलातलं, चिंचेतलं आम्ल तांब्यावरचा तपकिरी थर सोलून काढतं, म्हणून ते गुलाबी दिसतं. मिठामुळे ते काम लवकर होतं. पण मिठातलं क्लोराइड उघड्या तांब्याच्या बारीक छिद्रांत शिरून बसतं. घागर तुम्ही रोज पाण्याने धुता, रोज घासता, ते निघून जातं. नाणं तुम्ही पुसून डब्यात बंद करता, वर्षभर. डब्यातल्या दमट हवेत ते क्लोराइड तांब्याशी संयोग पावतं, त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं, ते आम्ल पुन्हा आतलं तांबं खातं, त्याचं पुन्हा क्लोराइड होतं. चक्र सुरू झालं की बाहेरून आणखी मीठ लागतच नाही. हवेतली आर्द्रता पंचेचाळीस टक्क्यांच्या वर गेली की हे चालू राहतं. आणि गोव्यात जून ते सप्टेंबर ती किती असते ते तुम्ही जाणता.

शेट: म्हणजे डब्याच्या आत, कुणी हात न लावता?

मास्तर: हो. याला ब्रॉन्झ डिसीझ म्हणतात, ताम्ररोग म्हणा. तुमच्या धंद्यातला नवसागरही तेच करतो. त्याच्यातही क्लोराइड आहे. कडी जोडताना वापरलेला नवसागर नीट धुतला गेला नसेल, तर मघाच्या रुपयाच्या कडेला जो हिरवा ठिपका होता, त्याचं मूळ तिथे असू शकतं. चांदीच्या रुपयातही शंभरात आठ भाग तांबं असतंच.

शेट: पण सगळं हिरवं वाईट कुठे असतं? ही शिवराई अख्खी हिरवी आहे आणि मला ती सुंदर दिसते.

मास्तर: बरोबर बोललात. तिच्यावर सुई फिरवा. टणक लागतं ना? गुळगुळीत, गडद, अक्षरांचे कोपरे त्या हिरव्यातच शाबूत आहेत. तो स्थिर थर. त्याला दोनशे वर्षं लागली असतील. तो काढलात तर खाली अक्षरं असतीलच असं नाही, अनेकदा ती थरातच उरलेली असतात. आता हा तांगा बघा. फिकट, पोपटी, पिठासारखं. सुई लावली की भुकटी पडते आणि खाली खड्डा दिसतो. खात्री हवी असेल तर भुकटी झटकून नाणं एक दिवस ओलसर डबीत ठेवा. दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा पीठ आलं तर रोग जिवंत आहे.

शेट: मग मास्तर, तुमचंच शस्त्र तुमच्यावर फिरवतो. तुम्ही संग्राहक मंडळी उठल्यासुटल्या सांगता, नाण्याला हात लावू नका. त्या बाईने तुमचं ऐकून हा तांगा तसाच ठेवला असता तर काय झालं असतं? दाताला कीड लागली तर दात सुंदर आहे म्हणून ठेवतो का कोणी?

मास्तर यावर थोडा वेळ गप्प राहिले. शेटांचा हा मुद्दा संग्राहकांच्या पुस्तकांत पुरेसा येत नाही. ‘हात लावू नका’ हा सल्ला कोरड्या, थंड हवेच्या देशांत तयार झाला. हरमल-केरीच्या किनाऱ्यावर, जिथे वाऱ्यालाच मीठ आहे, तिथे हात न लावणे म्हणजे काही नाण्यांना सावकाश मरू देणे. जो थर थांबलेला आहे तो ठेवावा आणि जो अजून खातो आहे तो काढावा, हाच माझ्या मते गोव्यासाठीचा नियम. शुद्ध ‘हात न लावण्या’ची चैन इथल्या तांब्याला परवडत नाही.

मास्तर: मान्य. या तांग्याला उपचार हवाच. पण तुमच्या तेजाबाचा नको, आणि घाईचा तर मुळीच नको. भुकटी आधी कोरडी काढायची, काडीने, खड्ड्याच्या तळापर्यंत. मग डिस्टिल्ड पाण्यात ठेवायचं आणि पाणी बदलत राहायचं. हे दिवसांचं काम नाही, आठवड्यांचं आहे.

शेट: क्लोराइड निघालं हे कळणार कसं? ते काही दिसत नाही.

मास्तर: दिसतं. टाकायच्या पाण्यातलं थोडं परीक्षानळीत घ्या, सौम्य नायट्रिक आम्लाचा थेंब टाका, मग सिल्व्हर नायट्रेटचा. दुधासारखा पांढरा ढग उठला तर क्लोराइड अजून येतंय. दर वेळी ढग पातळ होत जातो. शेवटी पाणी नितळ राहिलं की थांबायचं. शाळेत मुलांकडून हे शंभरदा करून घेतलंय, पण एखाद्या तांग्यासाठी केलं की त्या ढगाकडे बघायची नजरच बदलते. फक्त सिल्व्हर नायट्रेट बोटाला लागू देऊ नका, काळे डाग पडतात, आणि डोळ्यांना तर अजिबात नको.

शेट: नुसत्या पाण्याने निघेल सगळं?

मास्तर: वरवरचं निघेल. खोल रोगाला संवर्धक लोक सोडियम सेस्क्विकार्बोनेटचं पातळ द्रावण वापरतात, धुण्याचा सोडा आणि खाण्याचा सोडा यांच्या जोडीचं संयुग ते. त्यात महिनोन्‌महिने ठेवतात. त्यानेही कधी कधी वरचा रंग बदलतो. मग बेन्झोट्रायझोल नावाचं रसायन आहे, १९६७ पासून संग्रहालयांत वापरात आहे, ते तांब्यावर संरक्षक थर बसवतं. पण ते विषारी आहे. स्वयंपाकघरात बसून करायचं काम नाही. नाणं मोलाचं असेल तर लखनौला राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळा आहे, मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारावं.

शेट: आणि तेल? आमच्याकडे लोक जुनं नाणं खोबरेल तेलात ठेवतात.

मास्तर: खाण्याच्या कुठल्याही तेलात मुक्त आम्लं असतात, खवट झालं की वाढतात. तांब्यावर तीच हिरवी चिकट साय धरतात. मऊ माती सोडवायला तेल हवंच असेल तर शुद्ध खनिज तेल, मिनरल ऑइल, घ्यावं. ते आम्ल धरत नाही. मागाहून अ‍ॅसिटोनने काढून टाकता येतं.

आता जमिनीतून येणाऱ्या नाण्यांकडे वळू, कारण तिथे शेटांसारख्या माणसाचा हात पहिला पडतो. २०२४ मध्ये डिचोलीच्या शेजारच्या सत्तरी तालुक्यात, नानोडा-बांबर इथे, मडक्यात पुरलेली आठशेहून जास्त तांब्याची नाणी सापडली, पोर्तुगीज काळातली मानली गेलेली. बातमी आली तेव्हा अनेकांनी फोटोतल्या हिरव्या-मातकट ढेकळांकडे बघून एकच म्हटले, धुऊन तरी दाखवायची.

शेट: मीही म्हणालो होतो. न धुता वाचणार कशी?

मास्तर: मडक्यातली नाणी एकमेकांना चिकटलेली असतात, ती कशी चिकटलीत यावरूनसुद्धा कळतं की एकदम पुरली की थोडीथोडी टाकली. मातीत कापडाचा धागा असतो, थैलीचा. नळाखाली धरलं की तो धागा गेला. आणि धातू कोणता हे डोळ्याने कळत नाही. अफोन्सु द अल्बुकर्कने १५१० मध्ये गोव्यात नाणी पाडायला सुरुवात केली. पुढे इथे बझारुक म्हणून जे हलकं नाणं चाललं ते कधी तांब्याचं, तर कधी कथलाचं, जस्ताच्या मिश्रणाचं. तांब्याला जो सोडा चालतो तो कथील आणि जस्ताला खातो. शिसं तर डिस्टिल्ड पाण्यालासुद्धा टिकत नाही, लाकडी पेटीतल्या आम्लाच्या वाफेने पांढरं पीठ होतं त्याचं. सगळ्या नाण्यांना एक औषध, असं असूच शकत नाही.

शेट: चांदी सापडली तर?

मास्तर: खाऱ्या मातीतली चांदी करडी, मेणचट होते. नखाने ओरखडा उठतो. ती चांदीच क्लोराइड झालेली असते आणि छाप त्या मेणातच असतो. आदिलशाही लारी, ती वाकवलेल्या चांदीच्या तारेची नाणी, तुम्ही पाहिली असतील. शेकडो वर्षं पुरलेली चांदी आतून ठिसूळ होते. सरळ करायला गेलात तर दोन तुकडे.

शेट: सोनं मात्र निर्धास्त.

मास्तर: धातू निर्धास्त, छाप नाही. तुमच्याच तालुक्यात नार्व्याला सप्तकोटेश्वर आहे, शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये ज्याचं मंदिर नव्याने बांधायला लावलं. गोव्याच्या कदंबांनी आपल्या सोन्याच्या नाण्यांवर सिंह काढला आणि आपण सप्तकोटीश्वराच्या वरप्रसादाने राज्य करतो हे अक्षरांत कोरलं. असं नाणं इथल्या लाल मातीतून निघालं तर त्यावर लोहाचा तांबूस पापुद्रा असतो. शुद्ध सोनं मऊ. तो पापुद्रा ब्रशने काढायला जाल तर देवाच्या नावाची अक्षरंच आधी बोथट होतील. सोनं पाण्यात ठेवा, पुन्हा पुन्हा पाणी बदला, सुटेल तेवढी माती सुटू द्या. उरलेला लाल रंग राहू द्या. हे नाणं डिचोलीच्या मातीतलं आहे याचा तो पुरावा आहे.

शेट: माझ्याकडे अशी नाणी आणली तर लोकांना मी काय सांगू?

मास्तर: धुवायच्या आधी कायदा सांगा. भारतीय निखात निधी कायदा १८७८ चा आहे. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांच्या वर किमतीचं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं. मामलेदार कचेरी किंवा पुरातत्त्व खातं, कुणाकडेही आधी जा म्हणावं. न धुतलेली नाणी, त्याच मडक्यात, त्याच मातीसकट.

साठवणुकीबद्दल थोडक्यात. मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकचे अल्बम पीव्हीसीचे असतात. आपल्या उष्णतेत त्यातून क्लोरीनयुक्त आम्ल सुटते आणि नाण्यावर हिरवा चिकट थर येतो. तो लवकर लक्षात आला तर अ‍ॅसिटोनने जातो, उशीर झाला तर खाली व्रण राहतो. पॉलिएस्टरचे पाकीट घ्यावे, आम्लरहित कागद घ्यावा, घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेल. निळे दाणे गुलाबी झाले की तापवून कोरडे करून परत ठेवावेत, आणि पावसाळ्यात हे काम विसरू नये.

शेट: सगळं ऐकलं. पण पूजेचा रुपया पूजेला हवाच. मी त्या घराला नाही म्हणू शकत नाही.

मास्तर: म्हणू नका. हळद, तेल, पंचामृत नाण्यावर न घालता विड्याच्या पानावर, बाजूच्या सुपारीवर घालायला सांगा. हिरवा ठिपका मात्र आपण दोघांनी मिळून काढू. भिंग तुमचं, हात तुमचा. पाणी मी तपासतो.

शेट: आणि गिऱ्हाईक म्हणालं, शेट, काळाच ठेवलात?

मास्तर: काट्यावर ठेवून दाखवा.

शेटांनी तो रुपया तेजाबात न सोडता परत दिला, असे मी इथे लिहिले तर संवाद गोड होईल. पण पेडण्यापासून डिचोलीपर्यंत प्रत्येक सोनाराने तसे करावे यासाठी आधी गिऱ्हाइकाने तसे मागायला हवे. म्हणून ही विनंती घरांना आहे. या दिवाळीत डबा उघडाल तेव्हा तांब्याच्या नाण्यांना चिंच, बिंबलं, लिंबू आणि मीठ लावू नका. प्रत्येक नाण्याचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा, वजन वहीत लिहा, फिकट हिरवी भुकटी दिसते का ते पाहा. दिसली तर ते नाणे त्याच दिवशी बाकीच्यांपासून वेगळे, कोरड्या डबीत ठेवा आणि जाणकाराला दाखवा. बाकीची जशी आहेत तशी पुजा.